भागाकारात न बसलेला प्रवास

मुंबई ते नेवार्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी ९००. भागाकार केला, १४ तास आले आणि मी निश्चिंत झाले. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी ७२ वर्षांच्या आईला घेऊन नाशिकहून अमेरिकेत रॅलेला जायचं होतं. माझ्या त्या हिशेबाचा त्रास आईला झाला.

थेट विमानापेक्षा फ्रँकफर्टमार्गे तिकीट स्वस्त पडत होतं. अंतर जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटरनं वाढत होतं, पण वेळ वाढत होता सहा तासांनी. त्याकडे मी लक्षच दिलं नाही. नेवार्क ते रॅले हे तिकीटही वेगळं काढलं आणि मध्ये फक्त दोन तास ठेवले.

पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, म्हणून जाताना वेळ जास्त लागतो. आमचं विमान ४० मिनिटं उशिरा उतरलं. मग इमिग्रेशनची रांग, बॅगा, कस्टम्स. बाहेर आलो तेव्हा पुढचं विमान गेलेलं होतं. तिकीट वेगळं, त्यामुळे आधीच्या विमानाचा उशीर कुणी ऐकून घेतला नाही. रात्र खुर्च्यांवर काढली. आईचे पायमोजे काढले, तर घोट्यावर मोज्यांचे खोल वळ उमटले होते. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "पोचू गं, सकाळी पोचू."

म्हणून कळकळीनं सांगते:

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. थंडीत न्यूयॉर्क-नेवार्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. थंडीत रात्री १ ला निघून त्याच सकाळी साडेसहाला पोचलात, तर ते साडेपाच तास नव्हेत, १६ तास झाले.

रात्री १ चं विमान १५ तारखेचं असेल, तर विमानतळावर १४ च्या रात्रीच पोचायचं. यात भलेभले चुकतात.

पुढचं विमान एकाच तिकिटावर घ्या. म्हणजे ते चुकलं, तरी दुसऱ्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता, तिथे साधारणपणे बॅगा स्वतः घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, त्यामुळे मध्ये तीन-चार तास हवेतच.

वयस्कर माणसांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा आणि कोणती गोळी कधी, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. विमानात त्यांना अधूनमधून उठवून चालवा.

आणि तास मोजायचे ते घराच्या उंबऱ्यापासून. नाशिकहून कसारा घाट उतरून मुंबई, तिथे तीन तास आधी हजर राहणं, मधला थांबा, रांगा असं सगळं धरलं, तर नेवार्कच्या दारापर्यंतच आमचे १४ चे ३० तास झाले होते. पाच महिन्यांनी परत येताना मी थेट विमान घेतलं. पैसे जास्त गेले, पण आई घरात शिरली ती स्वतःच्या पायांनी चालत.