जाड पात्याचा मोह

रोज खिशात बाळगायला घडीचा चाकू घ्यायचा म्हटलं की हात आपसूक जाडजूड नगाकडे जातो. ४ मिलिमीटर जाडीचं पातं, दोनशे ग्रॅम वजन, उघडताना होणारा खणखणीत आवाज आणि खोक्यावर छापलेलं ‘हेवी ड्यूटी’. पैसे मोजण्याआधी या चाकूने दिवसभरात काय कापायचं आहे ते आठवून पाहा, असं मी कळकळीने सांगेन. पुठ्ठ्याचे खोके, प्लास्टिकच्या पट्ट्या, सुतळी, फळं, क्वचित वायरीचं वेष्टण. यातल्या एकाही कामाला जाड पातं लागत नाही. उलट ते आड येतं. धार कितीही तीक्ष्ण असली तरी तिच्यामागची जाडी कापलेल्या फटीतून जावीच लागते. तिथे जाड पातं पाचरीसारखं अडकतं. कैरी चिरली न जाता तडकते, पुठ्ठा पात्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतो आणि आपण जोर वाढवतो. माझी खरी भीती या वाढवलेल्या जोराची आहे, कारण पुठ्ठा एकदम सुटला की हात आवरता येत नाही. आपल्याकडे हा भेद घरोघरी ठाऊक आहे. कोयता वजनाने तोडतो म्हणून जाड असतो, विळी चिरते म्हणून तिचं पातं पातळ असतं. खिशातल्या चाकूकडून काम हवं असतं विळीचं, आणि आपण घेतो कोयता.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की कधी काही उचकटायचं झालं तर पातळ पातं मोडेल. मोडेलच. पण जाड पात्याचा घडीचा चाकूही त्या कामाला भरवशाचा नाही. तो मुळात मध्येच दुमडणारा असतो. पात्यावरचा सगळा ताण शेवटी एका बारीक खिळीवर आणि लॉकच्या काही मिलिमीटरच्या टेकूवर येतो. पातं दुप्पट जाड घेतलं म्हणून ती खीळ दुप्पट जाड होत नाही. उचकटायला चपटा स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवावा, तो स्वस्त पडतो आणि बोटांवर मिटत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अमेरिकेतला बक ११० हा चाकू सुमारे दोनशे ग्रॅमचा आहे, १९६४ पासून शिकारी लोक तो वापरत आले आहेत, मग वजन वाईट कसं? पण त्याचं बरंचसं वजन मुठीच्या पितळेत आहे. पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं असल्यामुळे धारेमागे ते पातळच राहतं. म्हणून पाठीची जाडी पाहून थांबू नये, धारेच्या लगेच वर पातं किती जाड आहे ते पाहावं. फ्रान्सचा ओपिनेल ८ नंबर पन्नास ग्रॅमसुद्धा भरत नाही, पण फळं आणि पुठ्ठा तो लोण्यासारखा कापतो.

मजबुती शोधायचीच असेल तर ती लॉकमध्ये शोधावी. ओपिनेलची फिरती कडी १९५५ मध्ये आली. साधी आहे, पण ती फिरवायला विसरलं तर तिचा उपयोग शून्य. पाठीकडच्या खाचेत बसणारा बॅक लॉक भक्कम असतो, मात्र खाचेत सुतळीचे तंतू किंवा माती साचली की तो पुरता बसत नाही. लाइनर लॉकमध्ये मुठीतली पत्र्याची पट्टी पात्याला टेकते. बाजूने पीळ बसला तर ती सरकू शकते, शिवाय मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. दुकानात चाकू उघडून पातं वरखाली आणि आजूबाजूला हलकेच हलवून पाहावं. वरखाली हललं तर तो नग परत ठेवावा, किंमत कितीही आकर्षक असो.

पोलादाबद्दल थोडक्यात. डी२ पोलाद धार बराच काळ धरतं, पण त्यातल्या सुमारे १२ टक्के क्रोमियमपैकी बरंचसं कार्बाइडमध्ये अडकलेलं असल्याने घामाने आणि दमट हवेने ते गंजतं. कोकणात, पावसाळ्यात, स्टेनलेसच बरं.

स्वसंरक्षणासाठी जाड चाकू हवा, हे कारण मला सगळ्यात घातक वाटतं. झटापटीत ओला हात मुठीवरून पात्यावर घसरतो आणि पहिली बोटं आपलीच कापली जातात. शिवाय कायदा आहे. शस्त्र नियमांतली ९ इंच लांबीची किंवा २ इंच रुंदीची मर्यादा खिशातला चाकू ओलांडत नाही, हे खरं. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश निघाला की त्या काळात चाकू बाळगण्यावरही मनाई येऊ शकते. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही. परदेशी राहणाऱ्यांनी तर आधी तिथला नियम वाचावा. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय जवळ ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये कारण न देता बाळगता येतो तो फक्त ३ इंचांपर्यंत धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू. त्यामुळे लॉकविषयी वर जे म्हटलं ते लंडनला राहणाऱ्याने बाजूला ठेवावं आणि पातं फक्त स्प्रिंगच्या दाबाने धरून ठेवणारा, लॉक नसलेला साधा स्विस चाकू घ्यावा.