दाराचे माप

आपल्या घराचे दार किती रुंद आहे, असे कोणी विचारले, तर आपण चटकन ‘तीन फूट’ असे सांगून मोकळे होतो. परंतु दाराला एक नव्हे, तीन रुंद्या असतात. पहिली भिंतीत गवंड्याने ठेवलेल्या गाळ्याची, दुसरी सुताराने केलेल्या फळीची आणि तिसरी माणसाला प्रत्यक्ष जाण्यायेण्यास मिळणाऱ्या वाटेची.

प्रथम गाळा कसा मोजावा, ते पाहू. रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी घ्यावी आणि त्यांतील सर्वांत लहान आकडा धरावा. कारण चौकट अडते ती अरुंद जागीच. उंचीही डावीकडे, मध्ये व उजवीकडे मोजावी. फरशी अजून बसावयाची असेल, तर तिची जाडी उंचीतून वजा करावी. भिंतीच्या कडा सरळ उभ्या आहेत की नाहीत, हे ओळंबा सांगतो. शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू समान असून कर्णही समान भरले, तरच चारही कोन काटकोन असतात. ९०० मिलिमीटर रुंद व २१०० मिलिमीटर उंच गाळ्याचा कर्ण पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे सुमारे २२८५ मिलिमीटर यावयास हवा.

एक सावधगिरी अशी की, फूट आणि मिलिमीटर यांची सरमिसळ करू नये. तीन फूट म्हणजे ९०० नव्हे, ९१४ मिलिमीटर होतात. सुतार ज्याला एक सूत म्हणतात, तो इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर होय.

आता मुख्य हिशेब पाहू. लाकडी चौकटींच्या भारतीय मानकाप्रमाणे ९०० मिलिमीटरच्या गाळ्यात ८९० मिलिमीटरची चौकट बसते. दोन्ही बाजूंस पाच-पाच मिलिमीटर जागा सुटते. चौकटीची उभी लाकडे प्रत्येकी ६० मिलिमीटरची धरली, तर मधली वाट ७७० मिलिमीटर उरते. दोन्हीकडील १५ मिलिमीटरच्या खाचांत टेकणारी फळी ८०० मिलिमीटरची असते. शिवाय फळी पूर्ण मागे वळत नसेल, तर तिच्या जाडीचा काही भागही वाट अडवितो.

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. अनेक घरांत न्हाणीघराच्या दाराचा गाळा ७५० मिलिमीटरच असतो. वरील रीतीने त्याची वाट ६२० मिलिमीटर भरते. चाकांची खुर्ची बहुधा ६५० मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. म्हणजे घरातील आजी उद्या त्या खुर्चीवर बसली, तर आपल्याच घरातील न्हाणीघर तिला परके होईल. केंद्र सरकारच्या २०१६ च्या अडथळामुक्त बांधकामाच्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी वाट निदान ९०० मिलिमीटर असावी, असे म्हटले आहे. त्यासाठी गाळा १०३० मिलिमीटर तरी ठेवावयास हवा.

आपल्या बेळगावच्या पावसाळ्याचाही विचार हवा. दमट हवेत लाकूड आडवे फुगते व दार घासू लागते. म्हणून फळीच्या कडेला साधारण एक सूत फट ठेवतात. मात्र भर पावसात फुगलेली फळी फार तासू नये. उन्हाळ्यात ती आक्रसली की फट वाढते.

भिंत उठल्यावर गाळा रुंद करणे खर्चाचे व त्रासाचे असते; आराखड्यावर तो केवळ एक आकडा असतो. म्हणून आजच टेप घ्या आणि प्रथम न्हाणीघराचे दार मोजा. पण गाळ्याचे नव्हे, वाटेचे माप घ्या.