पिंजऱ्यातील पक्ष्याचे मनःस्वास्थ्य : परिसर अभ्यासाचा एक पाठ



काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या ओसरीत टांगलेला पिंजरा पाहून मी शेरेबुकात ‘स्तुत्य उपक्रम’ असे लिहिले होते. पिंजऱ्यात एकच बजरीगर होता. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, तोच बहुधा हा चिमुकला पक्षी असतो. पुढील वर्षी पुन्हा गेलो, तो त्याच्या छातीवर पिसे नव्हती. ती त्याने स्वतःच्याच चोचीने उपटली होती. गुरुजी मायाळू होते; दाण्यापाण्याची उणीव नव्हती. परंतु मधल्या सुटीत मुले गजांतून काड्या खुपसत, आणि शनिवारी शाळा सुटली की सोमवारपर्यंत पक्षी बंद खोलीत एकटा असे. पोट भरलेला पक्षी सुखी असतोच असे नाही, हे ध्यानात न घेता मी शेरा लिहिला होता. त्या चुकीतूनच हा पाठ तयार झाला आहे.

पक्षी कोणता असावा ?

आपल्या रानातील पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात बाळगणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. शाळेत वा गावात कोणाकडे असा पोपट असल्यास तो परस्पर सोडून देऊ नये. दीर्घकाळ पिंजऱ्यात राहिलेला पक्षी एकाएकी मोकळा केल्यास बहुधा जगत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा असून पिंजऱ्यातच पैदास होत आलेला आहे. पुढील विवेचन त्याच्याविषयी आहे.

शिक्षकासाठी माहिती

बजरीगराचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम. मायदेशी तो थव्याने राहतो, दाणापाण्याच्या शोधात दूरवर भटकतो आणि शिकारी पक्ष्यांना सदैव भितो. त्याच्या चार गरजा या स्वभावातूनच निघतात.

१. सोबत : थव्यातल्या जीवाला एकटेपणा सोसत नाही. शक्यतो जोडी ठेवावी. नवा पक्षी आणल्यास रोगाची शंका फिटेपर्यंत काही आठवडे वेगळा ठेवावा.

२. उद्योग : रानात त्याचा बराच वेळ अन्न शोधण्यात जातो, वाटीत आयते दाणे मिळाले की तो वेळ रिकामा पडतो. म्हणून राळ्याचे कणीस टांगावे, थोडे दाणे कोरड्या पानांत लपवावे, कुरतडण्यास पेरूची डहाळी द्यावी. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला अधिक असावा, कारण पक्षी आडवा उडतो.

३. विसावा : रात्री १० ते १२ तास शांतता व काळोख हवा. मात्र दिवसा उजेडही तितकाच आवश्यक आहे.

४. निर्भयता : पिंजरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून ठेवावा. मांजर, कडक ऊन व पोषण आहाराच्या चुलीचा धूर यांपासून तो दूर असावा. पक्ष्यांना धूर फार बाधतो.

पाठाचा विकास

(अ) ‘तुम्हांला दिवसभर एका खोलीत एकटेच बसवले, जेवण मात्र वेळेवर दिले, तर कसे वाटेल ?’ या प्रश्नाने प्रारंभ करावा. उत्तरे फळ्यावर लिहावीत.

(आ) रोज दोन मुलांनी पिंजऱ्यापासून चार पावलांवर बसून पाच मिनिटे मुकाट्याने निरीक्षण करावे. नोंद डोळ्यांना दिसेल तेवढीच करावी. ‘पक्षी रागावला’ हा तर्क झाला. ‘पक्ष्याने पिसे अंगाशी आवळली व मान ताठ केली’ ही नोंद झाली. हा भेद मुलांना उमगला, तर पाठाचे निम्मे काम झाले.

(इ) आठवड्याच्या नोंदींवरून पुढील तक्ता मुलांकडूनच काढून घ्यावा.

स्वस्थ : पिसे साफ करणे, हलकी किलबिल, एका पायावर विसावणे, झोपेपूर्वी चोच घासणे.
भयभीत : पिसे आवळणे, निश्चल होणे, पिंजऱ्यात धडपडणे.
अस्वस्थ वा आजारी : दिवसा पिसे फुगवून बसून राहणे, अन्न सोडणे, पिसे उपटणे.

पक्षी आजार लपवतो. रानात दुर्बळ दिसणारा प्रथम मारला जातो. म्हणून तिसऱ्या ओळीतील लक्षण दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पिसांना तेल वा हळद लावू नये.

स्वाध्याय

सुटीत पक्ष्याची देखभाल कोण करील, याचे वेळापत्रक मुलांनी तयार करावे. ते पूर्ण भरत नसेल, तर त्या शाळेने पक्षी पाळू नये. अंगणात पाण्याचे परळ ठेवून येणाऱ्या चिमण्या-साळुंक्यांवर हाच पाठ तितकाच चांगला घेता येतो.

त्या शाळेत पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. पशुवैद्यांना पक्ष्याच्या अंगावर कीड आढळली नाही. जोडीदार आणला, पिंजरा वर्गात घेतला, सुटीच्या पाळ्या ठरल्या. काही महिन्यांत बरीचशी पिसे परतली. काही जागा मात्र उघडीच राहिली. चौथीतील एका मुलीच्या वहीत नोंद होती : ‘आज मी जवळ गेले. तो हलला नाही. त्याने पिसे आवळली नाहीत.’ मी शेरेबुकातील जुना शेरा खोडला नाही. त्याखाली हीच नोंद उतरवून सही केली.