अपूर्णांक आणि न्याय्य वाटा

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे आपल्या नित्य व्यवहारातील अपूर्णांकच होत. एक एकर म्हणजे ४० गुंठे. म्हणून दीड एकर म्हणजे ६० गुंठे. समजा, एवढी स्वकष्टार्जित जमीन मागे ठेवून वडील मृत्युपत्राविना वारले. पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असे चारच वारस आहेत. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार प्रत्येकाचा वाटा १/४, म्हणजे १५ गुंठे. मुलीला वगळले, तर छेद ४ ऐवजी ३ होतो आणि इतरांना प्रत्येकी २० गुंठे मिळतात. त्यांच्याकडे आलेले जास्तीचे ५-५ गुंठे मुलीचेच असतात. म्हणून वाटणीपत्रावर सही करण्यापूर्वी छेदात किती माणसे मोजली आहेत, हे प्रथम पाहावे.