स्त्रियांचा मताधिकार आणि यादीतील नाव

मताधिकार म्हटला की मतपेटी डोळ्यांपुढे येते. परंतु मतपेटीच्या आधी मतदारांची यादी असते, आणि यादीत नाव असावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत या नावानेच एकदा मोठा पेच उभा केला होता.

मुंबई इलाख्यात स्त्रियांस मताचा हक्क १९२१ साली मिळाला. पण मताला मालमत्तेची अट होती, आणि मालमत्ता स्त्रियांच्या नावे क्वचितच असे. १९३५ च्या कायद्याने मालमत्तावानाच्या पत्नीसही मत दिले. म्हणजे हक्क तिचा, पण आधार पतीचा! हा प्रकार अनेक स्त्रीसंस्थांस रुचला नाही, आणि ते योग्यच होते.

आपली हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने इंग्रजी मुलखाचे हे कायदे येथे लागू नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य भारतात सामील झाले, आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने एकवीस वर्षांवरील सर्वांस मत दिले. त्यामुळे येथील सामान्य कुणबी व त्याची कारभारीण यांस हा हक्क एकाच दिवशी लाभला. स्वित्झर्लंडसारख्या पुढारलेल्या देशातील स्त्रियांस राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळण्यास १९७१ साल उजाडले, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

तथापि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी तयार होत असता, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, असंख्य स्त्रिया परपुरुषास आपले नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच त्या सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी नाकारल्या, आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. कित्येकांस हा निर्णय कठोर वाटला. आम्हांस तो रास्त वाटतो. कारण निनावी मत कोणीही चोरू शकतो, आणि मत हे घराचे नसून व्यक्तीचे असते.

आपल्याकडे वेगळीच अडचण आहे. लग्नात मुलीचे आडनाव, कित्येक घरी पाळण्यातले नावही बदलते, आणि गावही बदलते. सेनगावची कन्या कळमनुरीस सून होऊन जाते. तिचे नाव मात्र माहेरच्या यादीतच राहते. मतदानाच्या दिवशी ती ना येथली, ना तेथली!

१९९३ पासून पंचायतींत स्त्रियांस एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. हिंगोली मतदारसंघातून श्रीमती सूर्यकांता पाटील १९९८ व २००४ साली लोकसभेवर निवडून गेल्या. म्हणजे उमेदवार होण्याचा मार्गही मोकळा आहे. परंतु उमेदवारासही प्रथम यादीतच असावे लागते.

मतदाराचे वय १९८९ पासून अठरा आहे. सतरा पूर्ण केलेल्या विद्यार्थिनीस नमुना ६ भरून आगाऊ अर्ज करता येतो. ज्यांच्या विवाहित भगिनी सासरी गेल्या आहेत, त्यांनी त्यांस नमुना ८ ची माहिती पत्राने कळवावी. नाव व पत्ता दोन्ही त्यानेच बदलून मिळतात.