बदलात काय टिकलं?

चि. मनू हिस,


राज्यघटनेवरचा तुझा निबंध सावकाश वाचला. मांडणी नेटकी आहे आणि पहिल्या वर्षाच्या मानाने वाचनही बरंच झालेलं दिसतं. एक गोष्ट मात्र खटकली, आणि तू वकिलीच्या वाटेवर आहेस म्हणून ती आत्ताच सांगायला हवी. एकाच पानावर तू लिहिलंस की घटना 'चेंज' झाली, मग 'ऑल्टर' झाली, मग 'मॉडिफाय' झाली आणि शेवटी 'ट्रान्सफॉर्म' झाली. चारही ठिकाणी तुला म्हणायचं होतं ते एकच: घटनादुरुस्ती झाली.

एक शब्द पुन्हा पुन्हा आला की भाषा तोकडी दिसते, असं शाळेत शिकवतात. कायद्याच्या इंग्रजीत हे नेमकं उलटं आहे. एकाच कायद्यात तोच शब्द पुन्हा आला तर अर्थही तोच, असं न्यायालय सहसा धरून चालतं. शब्द बदलला असेल तर अर्थही वेगळा अभिप्रेत असावा, असं मानतं. निव्वळ शोभेसाठी बदललेला शब्द उद्या एखाद्या करारात तुझ्याच अशिलाच्या अंगाशी येऊ शकतो.

बदल सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी पाठ करून हे साधणार नाही. शब्द लिहिण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. बदल झाल्यावर काय टिकलं? आणि बदल केला कोणी? बहुतेक शब्द या दोन प्रश्नांनीच वेगळे होतात.

तुझ्याच विषयापासून सुरुवात करू. घटनेच्या ३६८व्या कलमात शब्द आहे 'अमेंडमेंट'. १९७१च्या चोविसाव्या दुरुस्तीने त्यात भर पडली, की संसद कोणत्याही तरतुदीत भर घालून, फेरबदल करून किंवा ती रद्द करून दुरुस्ती करू शकते. मग संसदेला सगळी घटनाच पालटून टाकता येईल का? केशवानंद भारती खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांपुढे होता. वकील नानी पालखीवाला केशवानंदांच्या बाजूने उभे होते. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरलं, की संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्नांच्या निकालपत्रातला मुद्दा मन लावून वाच: 'अमेंडमेंट' म्हटलं की जुनी घटना आपली ओळख न गमावता शिल्लक राहते, हे त्या शब्दातच गृहीत आहे. या शब्दाचं लॅटिन मूळही दोष काढून टाकण्याचं आहे. दोष काढायचा तर मूळ वस्तू उरायलाच हवी. 'ट्रान्सफॉर्म'मध्ये तसं बंधन नाही. तिथे रूप आणि स्वभाव दोन्ही पालटू शकतात. म्हणजे घटना 'ट्रान्सफॉर्म' झाली असं लिहून तू नकळत त्या निकालाच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभी राहिलीस.

'मॉडिफाय' आणखी मर्यादित आहे. वरच्या न्यायालयाने खालचा आदेश 'मॉडिफाय' केला, म्हणजे काही भाग बदलला आणि बाकीचा आदेश उभा राहिला. 'सेट असाइड' केला, तर तो आदेशच उरला नाही. अशील तुला पहिला प्रश्न हाच विचारेल: आधीच्या आदेशातलं माझ्या हातात काय राहिलं?

आता १ एप्रिल १९५७ ही तारीख घे. त्या एका दिवशी आपल्याकडे दोन मोठे बदल झाले. देशात दशमान नाणेपद्धती आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होत. त्या दिवसापासून शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे झाले, पण त्यांचं मोल होतं तेवढंच राहिलं. मोल टिकून मोजणी बदलते तेव्हा शब्द येतो 'कन्व्हर्ट'. आणि त्याच दिवशी जुन्या मुंबई राज्याच्या कूळकायद्याचा कृषक दिन होता. अटींत बसणारी कुळं त्या तारखेपासून कसत्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. जमीन तीच, बांध तेच, पण मालक बदलला. या धोरणाला इंग्रजीत 'लँड रिफॉर्म' म्हणतात. 'रिफॉर्म' म्हणणारा माणूस नुसता बदल सांगत नाही, आधीची व्यवस्था अन्यायाची होती असा निवाडाही देतो. म्हणून हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना सावध राहा आणि स्वतः वापरताना पुरावा हाताशी ठेव.

मालक बदलल्याची नोंद महसूल खात्याच्या गाव नमुना सहामध्ये होते. आपण तिला फेरफार म्हणतो, इंग्रजी कागदात ती 'म्यूटेशन एंट्री' असते. जीवशास्त्रात 'म्यूटेशन' हाच शब्द जनुकातल्या बदलासाठी येतो, आणि तो बदल कोणी अर्ज देऊन घडवत नाही. शब्द एकच, पण एका ठिकाणी बदलामागे हक्क सांगणारा माणूस आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. संदर्भ पाहिल्याशिवाय कोशातला पहिला अर्थ उचलू नकोस.

'ॲडाप्ट' आणि 'ॲडॉप्ट' यांतही तुझी गल्लत झाली आहे. पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून 'ती फुलराणी' लिहिलं, ते 'ॲडाप्टेशन'. लंडनची एलायझा आपल्याकडे मंजुळा झाली, तिची बोली मराठी झाली. पण उच्चारावरून माणसाची पायरी ठरवणारा समाज, हा नाटकाचा गाभा टिकला. नव्या जागेला जुळवून घेणं म्हणजे 'ॲडाप्ट'. 'ॲडॉप्ट'मध्ये वस्तू बदलत नाही, तिच्याशी आपलं नातं बदलतं. ती आपण आपली म्हणून स्वीकारतो. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने घटना 'ॲडॉप्ट' केली, हे उद्देशिकेत लिहिलं आहे. तिथे एक अक्षर चुकलं तर सगळा अर्थ जातो.

आकड्यांबाबत थोडक्यात. लासलगावात कांद्याचा भाव आज चढला, उद्या उतरला, तर तो 'फ्लक्चुएट' होतो. लासलगावात एक आणि सोलापुरात दुसरा असेल, तर तो 'व्हेरी' होतो. पहिल्यात काळ लागतो, दुसऱ्यात नुसता फरक पुरतो.

दुसरा प्रश्न, बदल केला कोणी, हा मला जास्त मोलाचा वाटतो. डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हा शब्द नाही. वंशपरंपरेने होत जाणारा फेरबदल, अशा अर्थाची शब्दयोजना त्याने पसंत केली. 'इव्हॉल्व्ह'चं रूप येतं ते पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून. गुंडाळलेलं उलगडत जावं तसा संथ बदल या क्रियापदात आहे आणि त्याला कर्ता लागत नाही. निसर्गाबद्दल ते योग्यच आहे. पण धोरण 'इव्हॉल्व्ह' झालं, वस्ती 'शिफ्ट' झाली, अशी वाक्यं तुला सरकारी आणि कंपन्यांच्या कागदांत पानोपानी भेटतील. धोरणावर कोणीतरी सही केलेली असते. वस्ती स्वतःहून उठून जात नाही. कोणीतरी नोटीस काढतं आणि कोणाचं तरी घर जातं. असं वाक्य दिसलं की कर्ता शोध आणि तुझ्या मसुद्यात त्याला नावानिशी लिही. ज्यांना मोठे शब्द वापरता येत नाहीत, त्यांच्या वतीने बोलायला तू शिकते आहेस.

तेव्हा निबंध पुन्हा लिही. 'अमेंड' म्हणायचं असेल तिथे दहा वेळा 'अमेंड'च लिही, संकोच करू नकोस. एखादी दुरुस्ती चौकटीलाच धक्का लावणारी होती असं खरोखर वाटत असेल, तर तिथे जोरकस शब्द जरूर वापर. पण मग त्याच्या पुढच्याच परिच्छेदात ते सिद्ध कर. बेचाळिसावी दुरुस्ती त्यासाठी चांगली आहे. तिच्यातलं नंतर काय राहिलं आणि काय गेलं हे नीट तपास, आणि नवा मसुदा परीक्षेआधी मला पाठव.

आईबाबांना नमस्कार सांग. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या