चाळ उठली तरी डाव मोडू देऊ नका

पोरांनो, हातात मावणाऱ्या खेळयंत्रांवर ऑनलाइन डाव मांडायची सेवा तुम्ही उभारताय, हे कळलं आणि मनापासून बरं वाटलं. आपल्या बीडीडी चाळींना या कामाची आज खरंच गरज आहे.

शंभर वर्षांपूर्वी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं या चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी धरून २०७. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडं. खोलीत पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून पोरं पॅसेजमध्ये वाढली. कॅरम तिथं, पत्ते तिथं, भांडण तिथं आणि समेटही तिथंच. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मोठं झालं, संडास घरात आला, याचा आनंद मोठा आहे. पण आता कुणी टॉवरात, कुणी अजून चाळीत, तर कुणी लांब भाड्याच्या घरात. एका बोर्डाभोवती बसणारी पोरं पांगली. त्यांना पुन्हा एका डावावर आणायचं, हे तुमचं काम. चिप, कोड, सर्व्हर ही सगळी त्याची साधनं.

माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली. माणसाला माणसाशी जोडणारी यंत्रणा कशानं टिकते आणि कशानं बसते, हे जवळून पाहिलं. त्यातलं उपयोगी पडेल तेवढं सांगतो.

१. आधी यंत्राची ताकद ओळखा

खुल्या पद्धतीची खेळयंत्रं बरीच आहेत, पण सगळ्यांना नेट नाही. केव्हिन बेट्सचं आर्डूबॉय घ्या. त्यात २.५ किलोबाइट रॅम आणि १२८ बाय ६४ ठिपक्यांचा पडदा. नुसतं पडद्याचं चित्र धरून ठेवायला १ किलोबाइट रॅम लागते. वायफाय नाही. त्याला ऑनलाइन आणायचं तर यूएसबीनं संगणकाला जोडून मधे निरोप पोचवणारा प्रोग्राम लिहावा लागतो. थंबीचंही तसंच, त्याला जोडायची केबल आहे, वायफाय नाही. ओड्रॉइड-गोमध्ये मात्र ईएसपी-३२ चिप आहे आणि वायफाय तिच्या पोटातच आहे. ही चिप लॅमिंग्टन रोडला सहज मिळते, म्हणजे उद्या मोडलं तर आपल्याला दुरुस्त करता येईल. सुरुवात तिच्यावर करा.

२. पहिला खेळ कॅरम ठेवा

मारामारीच्या खेळाला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा उशीरही खुपतो. कॅरममध्ये पाळी असते, समोरचा विचार करत बसतो, उशीर कुणाला जाणवत नाही. शिवाय आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना तो येतो. नवकंकरी, वाघबकरी हेही असेच पाळीचे खेळ. ते दुसऱ्या फेरीत घ्या.

३. चित्र पाठवू नका, नेम पाठवा

हा सगळ्यात महत्त्वाचा मंत्र. बोर्डावर नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी आणि स्ट्रायकर. प्रत्येक सोंगटीची जागा क्षणाक्षणाला पाठवत बसलात तर नेट कमी पडेल. स्ट्रायकर कुठं ठेवला, कोणत्या कोनात मारला, किती जोरात मारला, एवढंच पाठवा. चार बाइटमध्ये अख्खा फटका मावतो. पुढची टक्कर दोन्ही यंत्रं आपापली मोजतील. १९९७च्या एज ऑफ एम्पायर्स खेळात शेकडो सैनिक २८.८ किलोबिटच्या मोडेमवरून लढायचे ते याच युक्तीनं. सैनिकांच्या जागा जात नव्हत्या, फक्त हुकूम जात होते.

पण यासाठी दोन्हीकडचा हिशोब तंतोतंत सारखा यायला हवा. म्हणून दशांशाचं गणित टाळा, पूर्णांकात करा. एक पोरगा यंत्रावर आणि दुसरा संगणकावरच्या एम्युलेटरवर खेळत असेल, तर दशांशाच्या शेवटच्या घरात फरक पडतो आणि चार फटक्यांनंतर एकाची राणी भोकात, दुसऱ्याची बोर्डावर. प्रत्येक फटक्यानंतर सगळ्या सोंगट्यांच्या जागांची बेरीज काढून एकमेकांशी ताडून पाहा. जुळली नाही तर तिथंच थांबा आणि शेवटच्या जुळलेल्या फटक्यापासून पुन्हा मांडा. फसवाफसवीही यातून पकडली जाते.

पुढं पळापळीचा खेळ केलात तर बटणं पाठवा. आठ बटणं एका बाइटमध्ये बसतात. यूडीपी वापरा, त्यात निरोप हरवला तर हरवला, मागचा येईपर्यंत पुढचे अडून राहत नाहीत. साध्या टपालासारखं आहे ते, पोच मिळत नाही. म्हणून प्रत्येक निरोपात मागच्या दहा निरोपांतली बटणंही पुन्हा लिहा. पत्त्याचं वेष्टणच २८ बाइटचं असतं, त्यात दहा बाइट जास्त गेले तर बिघडत नाही. एखादा निरोप गळाला तरी पुढच्यात तो सापडतो.

४. वायफायची झोप मोडा

ईएसपी-३२ बॅटरी वाचवायला मधे मधे वायफाय झोपवते. राऊटर साधारण दर १०० मिलिसेकंदांनी हाक देतो तेव्हा ती जागी होते आणि आलेला निरोप तोवर ताटकळतो. डाव चालू असताना ही झोप बंद ठेवा, डाव संपला की पुन्हा चालू करा. कोडमध्ये एका ओळीचं काम आहे. नुसती ही ओळ नसल्यामुळे नेटला शिव्या खाव्या लागतात.

दुसरं, ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. आपल्या आरसीसी भिंतींच्या चाळीत एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि बहुतेकांचा राऊटर त्याच पट्ट्यात. तिथं १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारच्यांना विचारून वाटून घ्या. केबलवाल्याला सांगितलं तर तोही बदलून देतो.

५. आधी पॅसेजमध्ये, मग जगात

इंटरनेटशिवाय दोन यंत्रं थेट बोलतील असं पहिल्यांदा करा. ईएसपी-नाऊ नावाची सोय चिपमध्येच आहे. एका निरोपात २५० बाइट जातात, आपल्या फटक्याला लागतात चार. पॅसेजच्या दोन टोकांना बसून चार रविवार खेळून काढा. नियमांतली भांडणं तिथंच मिटतील. राणी घेतल्यावर कव्हर कधी, फाऊल झाला तर किती सोंगट्या परत, हे कोडमध्ये लिहायच्या आधी माणसांत ठरू द्या.

मग इंटरनेट. मोबाइल नेटवर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे हजारो गिऱ्हाईकं असतात. त्यामुळे एका यंत्राला दुसऱ्याचा दरवाजा थेट ठोठावता येत नाही. मधे एक लहान सर्व्हर ठेवा, दोघांनीही त्याच्याकडं यायचं आणि त्यानं निरोप पलीकडं द्यायचा. सर्व्हर मुंबईतलाच घ्या. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. लंडन इथून सरळ रेषेत ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन यायलाच किमान ७२ मिलिसेकंद. वरळीच्या पोरानं नायगावच्या पोराशी खेळायला लंडनला कशाला जायचं?

६. वाईट नेटवर पास झाला तरच पास

चांगल्या नेटवर सगळंच चालतं. लिनक्समध्ये टीसी आणि नेटेम यांच्या आज्ञा आहेत. त्यांनी मुद्दाम १५० मिलिसेकंदांचा उशीर लावा, शंभरातले पाच निरोप गाळा आणि मग खेळा. मधेच बॅटरी काढा. लिफ्टमध्ये जा. ज्याचं नेट गेलं त्याची जागा दोन मिनिटं राखून ठेवा, लगेच हरवू नका. गरिबाचं नेट जास्त वेळा जातं. तेवढ्यासाठी त्याला हरवणारी सेवा चाळीची म्हणता येणार नाही.

७. पोरांचं नाव-गाव साठवू नका

मोबाइल नंबर, जन्मतारीख, शाळा, पत्ता यांतलं काहीही विचारू नका. टोपणनाव आणि डावाचा चार अक्षरी कोड पुरे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागते. जी माहिती घेतलीच नाही ती चोरीलाही जात नाही. गप्पांसाठीही टाइप करायची सोय देऊ नका. ‘मस्त फटका’, ‘थांब, आई बोलावतेय’, ‘अजून एक डाव’ अशी वीस वाक्यं ठरवा आणि त्यांचे आकडे पाठवा. एका बाइटचं काम होतं. अनोळखी माणसाला लहान मुलीशी बोलायची वाट राहत नाही.

८. डावात पैसा येऊ देऊ नका

हे मी हात जोडून सांगतो. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी मटका सुरू केला तो याच वरळीत. पुढं रतन खत्रींचा मटका आला. गिरणीतून पगार घेऊन निघालेला माणूस आकडा लावून रिकाम्या हातानं घरी यायचा आणि त्या घरातली पोरं उपाशी झोपायची. ते वरळी-परळच्या बायकांनी सोसलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, पैसे लावून जिंकायचा असेल तर बंद. प्रवेश फी घेऊन बक्षीस वाटणं, नाणी विकणं, पैज लावणं यांतलं काहीही सुरू करू नका. जिंकणाऱ्याला जांबोरी मैदानात सगळ्यांसमोर चषक द्या. त्याची किंमत कुठल्याही रकमेपेक्षा जास्त आहे.

खर्च भागवायला वर्गणी काढा, गणपतीला काढतो तशीच. पावती द्या आणि जमाखर्च दर महिन्याला चाळीच्या फलकावर लावा.

९. वार आणि वेळ ठरवा

एखादा पोरगा लॉगिन करतो, कुणीच नसतं, बंद करतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा येत नाही. पन्नास माणसांची सेवा दिवसभर पसरली तर रिकामी दिसते आणि एका तासात आणली तर भरून वाहते. रविवारी संध्याकाळी सात, असं एकदाच ठरवा आणि पाऊस असो, मॅच असो, ती वेळ चुकवू नका.

१०. चाव्या दोघांकडं, वही सगळ्यांकडं

मे २०१४ मध्ये ऑनलाइन खेळाडूंना जोडून देणाऱ्या गेमस्पायनं सेवा बंद केली आणि शेकडो खेळांचे ऑनलाइन डाव एका फटक्यात अडले. त्याच महिन्यात निन्टेन्डोनं वी आणि डीएस यंत्रांची ऑनलाइन सेवा बंद केली. त्या वेळी खेळणाऱ्या लोकांनीच विमफी नावाचा सर्व्हर उभा केला. एप्रिल २०२४ मध्ये थ्री-डीएस आणि वी यू यांची सेवा गेली, तेव्हा प्रेटेन्डो नावाचा खुला प्रकल्प पुढं आला. पण या लोकांना बंद पेटीतली भाषा ओळखून काढण्यात वर्षं घालावी लागली. तुमच्यामागून येणाऱ्यांवर ती वेळ आणू नका.

कोड एजीपीएल परवान्यानं उघडा ठेवा, म्हणजे जो कुणी त्यात बदल करून सेवा चालवेल त्याला तो बदल वापरणाऱ्यांना दाखवावा लागेल. प्रत्येक निरोपाचा पहिला बाइट आवृत्तीचा क्रमांक असू द्या, म्हणजे जुनं यंत्र नव्याशी बोलताना गोंधळ होणार नाही. कोणता बाइट कशासाठी, हे मराठीत दोन पानांवर लिहून काढा. सर्व्हरचा पासवर्ड, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, बॅकअप कुठं आहे, हे किमान दोघांना माहीत हवं आणि त्यातली एक मुलगी असावी. एकट्याच्या डोक्यात असलेली सेवा त्याला पुण्यात नोकरी लागली की संपते. दर वर्षी एक आठवडा जुन्या पोरांनी हात लावायचा नाही, नव्यांनी चालवून दाखवायची. जमलं तर सेवा उभी राहिली असं समजा.

यंत्र नाही म्हणून आपल्या चाळीतलं एकही पोर बाहेर राहू देऊ नका; चार यंत्रं मंडळाच्या कपाटात ठेवा आणि वहीत सही घेऊन घरी न्यायला द्या. आणि पहिला रविवार या महिन्यातच धरा, सगळं पूर्ण होण्याची वाट बघू नका.